उंबरठ्यांचं बाकडं

माझ्या नवऱ्याचे हात रविवारी शिवशिवतात. आठवडाभर तो बँकेत मान खाली घालून बसतो, आणि रविवार उजाडला की त्याला काही तरी खोलायला, ठोकायला किंवा भिंतीला भोक पाडायला लागतं. सुतार, गवंडी, इलेक्ट्रिशियन यांना आमच्या फाटकाच्या आत यायची मनाईच आहे म्हणा ना. लग्न होऊन मी अमरावतीहून जबलपुरात आले, तेव्हा मला वाटलं होतं, किती गुणी माणूस मिळाला. पुढे कळलं, की गुण आणि हौस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वयंपाकघरात त्यानं लावलेल्या फळीवर लिंबू ठेवलं की ते आपलं आपण चालत पूर्वेच्या टोकाला जातं आणि खाली पडतं.

घरही त्याला साथ देणारं नाही. सिविल लाइंसच्या मागच्या बाजूला सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं हे बसकं घर. भिंती हातभर जाड, छत उंच, आणि एकही कोपरा काटकोनात नाही. वऱ्हांडा, मग बैठकीची खोली, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर, त्याच्या मागे न्हाणीघर आणि अंगण, अशी सगळी रांग. प्रत्येक दाराला सागवानी उंबरठा, आणि प्रत्येक उंबरठ्याची उंची निराळी. नवी नवरी म्हणून आले त्याच दिवशी माझ्या अंगठ्याला त्यातला एक लागला होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, "होते सवय." झालीही.

सासूबाई जाऊन काही वर्षं झाली. घरात आम्ही दोघं, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि बाबा, म्हणजे माझे सासरे. ते पाटबंधारे खात्यात जमिनीच्या मोजणीचं काम करायचे. उतार, चढ, पातळी हे त्यांच्या रक्तातच होतं. नवऱ्यानं ती फळी लावली, तेव्हा बाबा मधल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. आतून लिंबू पडल्याचा आवाज आला आणि ते बसल्या जागेवरून म्हणाले, "फळी पूर्वेला उतरून राहिली." या वयात काय नजर आहे, असं आम्ही कौतुकानं बोललो. नातीला ते रोज संध्याकाळी समोर बसवून मराठी मासिक मोठ्यानं वाचायला लावायचे. ती बिचारी अडखळत वाचायची आणि मधेच हिंदीत घसरायची. आजोबांना नातीच्या मराठीची किती काळजी, असं मी माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणींना सांगत असे.

बाबा पडले ते गणपतीच्या दिवसांत, एका रविवारीच. नवरा मधल्या खोलीत शिडीवर चढून पडद्याच्या दांडीसाठी ड्रिल चालवत होता. मी मागे अंगणात कपडे वाळत घालत होते. ड्रिलची घरघर अचानक बंद पडली, "अरे यार, लाइट गेली," असं नवऱ्याचं वैतागलेलं बोलणं ऐकू आलं, आणि लगेच धप्प असा आवाज. मी ओल्या हातांनी धावले. बाबा वऱ्हांड्याच्या दारात आडवे, अर्धे आत, अर्धे बाहेर. वर पंखा फिरत होता, त्याच्या वाऱ्यानं त्यांचे पांढरे केस उडत होते. ते मला अजून दिसतं.

कंबर वाचली. मनगटाला बारीक चीर गेली, त्याला प्लास्टर घातलं. कसे पडले विचारलं, तर म्हणाले, "उंबरठ्याला पाय अडला."

हे वाक्य त्याच रात्री पुण्याला पोहोचलं. तिथे माझे थोरले दीर असतात. व्हिडिओ कॉलवर त्यांचा चेहरा रागानं आणि काळजीनं लाल झाला होता. "किती वर्षं सांगून राहिलो, त्या घरात म्हातारा माणूस ठेवायचा नाही. पावलापावलाला उंबरठे. आमच्याकडे लिफ्ट आहे, सगळा फ्लॅट सपाट आहे. दिवाळीला येतो आणि बाबांना घेऊनच जातो." दीर वाईट मुळीच नाहीत, जाऊबाई तर फार प्रेमळ. पण सासूबाई गेल्यावर बाबा त्यांच्याकडे महिनाभर राहून आले होते, तेव्हा निम्मे होऊन परतले होते. तिथे काय केलं विचारलं, तर म्हणाले होते, "सोफ्यावर बसलो." त्यामुळे दिराचं बोलणं ऐकताना बाबांचा चांगला हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट आवळलेला मी पाहिला. त्यांना जायचं नव्हतं, आणि आम्हालाही त्यांना पाठवायचं नव्हतं.

फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "दिवाळीच्या आत सगळं घर सपाट करतो. एकही उंबरठा ठेवत नाही. मग दादा कशावर बोट ठेवणार?"

मला बेत पसंत पडला, हे आधीच सांगते. पोछा मारायला सोपं, पाय अडायला नको. हळदीकुंकवाची बोटं ओढायला उंबरठा राहणार नाही, हे मनात आलं, पण म्हटलं, फरशीवर ओढू. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "काढायचे तर काढा." करवत चालू झाली आणि ते उठून वऱ्हांड्यात जाऊन बसले. आवाजाचा त्रास होत असेल, असं आम्हाला वाटलं.

मुलीनं मोबाईलवर व्हिडिओ लावून धरायचा आणि बापानं त्यात पाहून कापायचं, असं ते काम चाललं. चौकटीची खालची लाकडं दोन्ही टोकांशी कापून काढली, खाचेत सिमेंट भरलं, वर टाइल्स बसवल्या. टाइल्सचा रंग फरशीशी जुळला नाही, पण पातळी मात्र जुळली. नवऱ्याच्या हातून सरळ झालेलं हे आमच्या घरातलं पहिलंच काम. तो इतका खूश होता, की येणाऱ्या-जाणाऱ्याला दारातून चालून दाखवत होता.

निघालेलं सागवान फेकवेना. जुनं, दगडासारखं लाकूड. मग त्याचं नवऱ्यानं बाकडं केलं. चारी उंबरठे शेजारी शेजारी जोडले, झिजलेली बाजू खाली घेतली, वरून रंधा मारला, पॉलिश केलं आणि एका मोडक्या टेबलाचे लोखंडी पाय लावले. बाकडं वऱ्हांड्यात ठेवलं. बाबा त्यावर बसू लागले. सकाळी बसायचे ते दुपारपर्यंत. चांगल्या हाताचा तळवा लाकडाच्या खालच्या अंगाला लावून बसायचे आणि बोटं हळूहळू फिरवत राहायचे. नवरा मला कोपरानं ढोसून म्हणायचा, "पाह्य, आवडलं त्यांना."

पण बाबा बदलत चालले होते. आधी सकाळी उठून ते एकटे मागच्या अंगणात जायचे, कढीपत्त्याला पाणी घालायचे, स्वयंपाकघरात येऊन चहा प्यायचे आणि स्वतःचा कप स्वतः धुऊन पालथा घालायचे. हा कप धुण्याचा त्यांचा हट्ट होता, त्याला सासूबाईसुद्धा हात लावत नसत. आता ते चहा बाकड्यावरच मागायला लागले. कप तिथंच ठेवायला लागले. आंघोळीची वेळ टळून जायची. मी मागच्या बाजूला निघाले की म्हणायचे, "तिकडंच चालली का बेटा? चल, मी पण येतो," आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे मागे यायचे. प्लास्टर निघालं तरी तसंच. आम्ही एकमेकांना समजावत होतो, की पडल्याचा धसका आहे, अशक्तपणा आहे. पुण्याहून दीर म्हणाले, "खंगले बाबा. मी सांगत नव्हतो?" त्यावर उपाय म्हणून नवऱ्यानं न्हाणीघराच्या भिंतीला आणखी दोन भोकं पाडून स्टीलचा दांडा बसवला.

शाळेला दिवाळीची सुट्टी लागली त्या दिवशीची गोष्ट. नवरा बँकेत, मुलगी मैत्रिणीकडे. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून रवा घेऊन आले. बाकडं रिकामं होतं. आत पाहते तर बाबा मधल्या खोलीत, लोखंडी कपाटाकडे तोंड करून उभे. खांद्यावर टॉवेल. एक हात कपाटावर, आणि उजवं पाऊल फरशीवरून पुढे सरकवत, मागे घेत, बाजूला नेत होते. काही सांडलं असेल म्हणून पुसत असावेत, असं मला क्षणभर वाटलं.

"बाबा, काय शोधून राहिले?"

"काही नाही. उभा आहे जरा."

मी पिशवी ठेवली. ते तसेच उभे. मग त्यांनी मान न वळवता विचारलं, "बेटा, मी कोणत्या खोलीत आहे?"

मी त्यांचा हात धरून खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खाली फरशीवर बसले. मग ते बोलले. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग खालचं, आणि आता उजेड तेवढा कळतो, माणूस उभा असला तर सावलीसारखा. किती दिवस? दिवस नाही, वर्षं. मासिक नातीकडून का वाचून घ्यायचे, ते मला तेव्हा उमगलं. लिंबू त्यांनी पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं.

"सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर दादानं त्याच आठवड्यात पुण्याला नेलं असतं. तिथं मला काय माहीत आहे? इथं पायाला सगळं माहीत होतं." मग ते बोटांनी हवेत दाखवत सांगू लागले. वऱ्हांड्याचा उंबरठा रुंद. मधल्या खोलीचा उंच, त्याला डाव्या अंगाला खिळ्याचं डोकं, ते टोचलं की दोन पावलांवर डावीकडे कपाट. न्हाणीघराचा अरुंद आणि कायम गार. आणि स्वयंपाकघराचा मधोमध खचलेला. "तुझी सासू सगळ्यांना म्हणे, उंबरठ्यावर बसू नका, आणि पनागरचे मटार आले की दुपारी स्वतःच त्यावर बसून सोलत राही. खचेल नाही तर काय. पायाला उंबरठा लागला की पुढचं सगळं घर आपोआप समोर येई. आता कुठूनही कुठंही सारखंच लागतं."

"मग काढू काहून दिले?"

"तो इतक्या हौसेनं करून राहिला होता. आणि म्हटलं, उंबरठे गेले तरी घर तर राहील." मग म्हणाले, "घरच गेलं ना पण."

मी रडले. लपवत बसले नाही, त्यांना दिसलंही नसतं, पण ऐकू गेलं. ते म्हणाले, "चलो, आता आंघोळीला नेऊन सोड."

संध्याकाळी नवरा आला, बूट काढायला बाकड्यावर बसला, आणि मी त्याला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तो बाकड्यावरून उठून उभा राहिला. पुन्हा त्यावर बसला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर येणार नाही, उरलेली टिकावी म्हणून थेंब घालत राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबांनी शांतपणे मान हलवली, जणू त्यांना हे आधीच ठाऊक होतं आणि डॉक्टरांना आता कळलं.

दिवाळी तोंडावर होती. नवऱ्यानं रजा टाकली आणि बाकडं खोलायला घेतलं. लाकडं सुटी झाली, आणि मग पंचाईत. रंधा आणि पॉलिश यांनी चारीही वरून एकसारखी झाली होती. कुठलं कुठलं, कुणालाच सांगता येईना. नवरा फूटपट्टी घेऊन मोजत बसला, मुलगी फोटो शोधू लागली. बाबा म्हणाले, "इकडं आणा." एकेक लाकूड त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी उलटं केलं, तळवा फिरवला, आणि मुलीला विचार करायलाही वेळ न देता सांगितलं, "हा वऱ्हांड्याचा. हा न्हाणीघराचा. याला खिळा आहे, पाहा, हा मधला." चौथ्यावर हात जरा जास्त वेळ राहिला. "आणि हा मटारवाला."

"आजोबा, आप तो स्कॅनर हो," मुलगी म्हणाली. बाबांना स्कॅनर कळला की नाही कोण जाणे, पण ते हसले. पुष्कळ दिवसांनी हसले.

टाइल्स फोडायला ग्राइंडर लागणार होता. नवऱ्यानं वऱ्हांड्यातल्या बोर्डातून एक्स्टेन्शनची वायर लावली आणि ओढत ओढत मधल्या खोलीकडे आणू लागला. बाबा खुर्चीवर होते. फरशीवरून घासत येणाऱ्या वायरीचा आवाज त्यांनी ऐकला असणार. ते म्हणाले, "वायर भिंतीच्या कडेनं घे. दारातून आडवी नको."

"हो बाबा," म्हणून नवऱ्यानं दोन पावलं टाकली आणि तो थांबला. हातात वायर तशीच. त्यानं बोर्डाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी लाइट गेलीच नव्हती," तो म्हणाला.

मला बाबांचे उडणारे केस आठवले. पंखा तर चालू होता. ड्रिल बंद पडलं, कारण दारात आडव्या पडलेल्या वायरीत बाबांचा पाय अडकला आणि बोर्डातली पिन निघाली. उंबरठ्यावर ते कधीच अडखळले नव्हते. उंबरठा तर त्यांना पाठ होता. वायर तेवढी नवी होती.

"बाबा, तुम्ही बोलले काहून नाही?"

"दादा तुला आणखी बोलला असता," बाबा म्हणाले. "उंबरठ्याला बोललं तर त्याचं काय बिघडतं? लाव तो ग्राइंडर, सिमेंट कालवून ठेवलं आहे ना."

नवऱ्यानं वायर गुंडाळली, पुन्हा भिंतीच्या कडेनं नेली, आणि जागोजागी चिकटपट्टी लावून पक्की केली. हे सगळं करताना त्याची पाठ आमच्याकडे होती. पाठीवरून मला कळत होतं, की तो रडतो आहे. चारचौघांसमोर कुणी चूक दाखवली असती तरी त्याला इतकं लागलं नसतं. मी त्याला एक शब्द बोलले नाही. एरवी मी सोडत नाही.

चारी उंबरठे झिजलेली बाजू वर करून परत बसले. करवतीनं लाकूड जरासं आखूड झालं होतं, तिथे चिपा ठोकल्या. सिमेंट वाळू दिलं, आणि मग एका सकाळी बाबा अनवाणी उठले. आम्ही तिघं आपापल्या कामात असल्याचं दाखवत होतो आणि कुणाचंही काम होत नव्हतं. ते वऱ्हांड्यातून निघाले. मधल्या उंबरठ्यावर खिळा लागला तसे किंचित वळले आणि कपाट चुकवून गेले. स्वयंपाकघराच्या दारात त्यांनी पाऊल खचलेल्या जागेत ठेवलं आणि थोडा वेळ तिथंच उभे राहिले. मग मला म्हणाले, "चहा झाला का?"

दीर धनत्रयोदशीला सकाळच्या गाडीनं आले. बॅग घेऊन आत शिरले आणि मधल्या खोलीच्या उंबरठ्याला त्यांचा अंगठा असा लागला, की पहिली दहा मिनिटं बर्फ शोधण्यात गेली. त्यामुळे चहा घ्यायला सगळे वऱ्हांड्यात बसलो, तेव्हा ते आधीच तापलेले होते.

"काढले म्हणून सांगितलं होतं ना? परत बसवले? याच उंबरठ्यानं पाडलं बाबांना."

"दादा, उंबरठ्यानं नाही," नवरा म्हणाला. "माझ्या वायरनं पाडलं. मी दारात आडवी टाकली होती." आणि त्यानं सगळं सांगितलं, डोळ्यांचंही. काही लपवलं नाही.

दीर हळू आवाजात म्हणाले, "दिसत नाही म्हणता, मग तर न्यायलाच पाहिजे. मी बाबांचं तिकीट काढूनच आलो आहे." त्यांचं म्हणणं चुकीचं आहे, असं मलाही म्हणता येईना. नवऱ्यानं खाली मान घातली. आता बाबा जाणार, असं मला त्या क्षणी खरंच वाटलं.

बाबांचा चहा संपला होता. ते उठले. कप हातात घेतला आणि आत निघाले. दीर आधार द्यायला उठू लागले, तर मी त्यांच्या हाताला धरून बसवलं. बाबांनी पहिला उंबरठा ओलांडला, तिथे सकाळीच मी हळदीकुंकवाची बोटं ओढली होती, त्यावर पाय न देता. मधला ओलांडला. मग ते आम्हाला दिसेनासे झाले. नळ सुरू झाला, बंद झाला. ओट्यावर कप पालथा ठेवल्याचा बारीक आवाज आला. मग ते आले तसे परत आले आणि आपल्या खुर्चीवर बसले.

"तिकीट वाया नको घालवू," ते थोरल्या मुलाला म्हणाले. "ती वायर घेऊन जा पुण्याला. मी इथं बरा आहे."

दिरानं डोळे पुसले, आणि खिशातून मोबाईल काढून तिकीट रद्द करायला घेतलं.